नरसिंगरावांचा चोरखिसा

नरसिंगराव महेंद्रकर यांची आणि निसर्गाची ओळख साठी उलटून बरीच वर्षं झाल्यावर झाली, आणि तीही कापडाच्या निमित्तानं. त्याआधी झाड म्हणजे स्कूटरच्या सीटवर फुलं पाडणारी वस्तू, पाऊस म्हणजे गिऱ्हाईक न येण्याचं कारण आणि पक्षी म्हणजे वाळत घातलेल्या अस्तरावर घाण करणारी जात, इतकाच त्यांचा या विषयातला अभ्यास होता. यात त्यांचा काही दोष नव्हता. चामराजपेटेतलं त्यांचं दुकान इतकं अरुंद होतं की मशीन, गिऱ्हाईक आणि नरसिंगराव यांच्यापैकी दोघंच एका वेळी धड मावत. उजेडाला डोक्यावर ट्यूबलाइट होती. आभाळ बघायला मान बाहेर काढावी लागे, आणि मान बाहेर काढली की काम मागे पडे.

पण त्या एवढ्याशा दुकानाचं नाव मोठं होतं, ते चोरखिशासाठी. मार्केटात माल घ्यायला येणारे व्यापारी, गुळाचे अडते, नारळाचे दलाल, सगळे कोटाला आणि बंडीला आतून असा खिसा लावून घेत की कपडे धुणाऱ्यालाही त्याचा पत्ता लागू नये. नरसिंगरावांचे वडील विठोजी यांचं म्हणणं असं, की प्रत्येक माणसाजवळ लपवून ठेवण्यासारखं काहीतरी असतंच. ते कुठे ठेवायचं याची सोय शिंप्यानं न विचारता करायची असते. विठोजी गेले, कोट गेले, बंड्या गेल्या. नरसिंगरावांचा हात मात्र कुठल्याही कपड्याच्या डाव्या कमरेशी पोचला की आपसूक आतल्या बाजूला वळायचा. नातवाच्या झबल्यालाही त्यांनी चोरखिसा लावला होता. त्या बाळानं त्यात काय ठेवायचं होतं, ते त्यांनाच ठाऊक.

मग रेडीमेडनं सगळं खाल्लं. मुलगा मोहनकुमार व्हाइटफील्डला एका कंपनीत होता. तो म्हणाला, अप्पा, आता पुरे. दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाकडे गेलं. घरी आल्या त्या दोनच चिजा, मशीन आणि बसायचं लाकडी स्टूल. स्टूल आधी विठोजींनी आणि मग नरसिंगरावांनी बसून बसून गुळगुळीत केलेलं. त्या स्टुलावर बसून ते दिवसभर रस्त्याकडे बघत, आणि रस्त्यावर काही नसलं की भागीरथीबाईंच्या स्वयंपाकाकडे. भागीरथीबाई दुसऱ्या बघण्याला जास्त वैतागत. ज्या बाईनं सगळा संसार नवरा दुकानात आहे या हिशोबानं बसवला, तिला तो अचानक घरात सापडला तर तिनं तरी काय करावं?

अशा वेळी भार्गवी दारात आली. मूळची पुण्याची, तिशीतली, पायात चिखलानं माखलेले बूट. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरमधली चांगली नोकरी सोडून तिनं जयनगरात तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी ‘अंगण’ नावाचा वर्ग काढला होता. वर्ग म्हणजे एका बंद पडलेल्या वसतिगृहामागची झाडं आणि लहानसा ओढा असलेली मोकळी जागा. छप्पर नाही, फळा नाही, पाटी नाही. भागीरथीबाईंनी विचारलं, मग शिकवता काय? भार्गवी म्हणाली, मातीत बसायला, झाडाकडे बघायला, किड्यांना न घाबरायला. भागीरथीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आमच्या लहानपणी हे केलं की मार मिळायचा, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

भार्गवीला हव्या होत्या पँटी. रेनकोटच्या कापडाच्या, खांद्यावर पट्टे असलेल्या, घरच्या कपड्यांवरून चढवता येतील अशा. मुलं त्यांना चिखलपँट म्हणत. तिनं मापं दिली, कापड दिलं आणि खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत असल्यानं जिना उतरता उतरता सांगितलं, “काका, एकच लक्षात ठेवा. खिसे अजिबात नकोत.”

नरसिंगराव कन्नड धाटणीत ‘सरी सरी’, म्हणजे बरं बरं, म्हणाले. शिवायला बसले तेव्हा त्यांनी पुढे खिसा लावला नाही, मागे लावला नाही, बाजूला लावला नाही. सांगितल्याप्रमाणे पँट शिवली, हातात धरली आणि त्यांना कसंसंच वाटलं. आणि मग डाव्या कमरेशी, आतल्या बाजूला, दोन बोटं जातील एवढा एक चोरखिसा त्यांनी लावला. चोरखिशाला कोणी खिसा म्हणतं का? तो तर दिसतही नाही. एकीला लावला म्हटल्यावर दुसरीला न लावणं अन्याय झाला असता. अशा रीतीनं सगळ्या पँटींना न्याय मिळाला.

गठ्ठा पोचवायला ते जयनगरला गेले त्या दिवशी भार्गवीची मदतनीस तापानं आडवी होती. अर्धा तास मुलांकडे लक्ष द्याल का, असं तिनं विचारलं तेव्हा नरसिंगरावांना नाही म्हणता आलं नाही. ते एका होंगेच्या, म्हणजे करंजाच्या झाडाखाली कसेबसे मांडी घालून बसले. पाचेक मिनिटांत एक मुलगी आली. केसांच्या दोन आखूड शेंड्या, गालावर चिखल, नाव स्वानंदी. तिनं नरसिंगरावांचा हात धरला, उलटा केला, बोटं सोडवली आणि तळव्यावर एक गांडूळ ठेवलं.

त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण मुलगी त्यांच्या तोंडाकडे इतक्या विश्वासानं बघत होती की हात झटकणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. काही वेळानं गांडूळ हललं, थंड आणि हळू, जसा सुईत ओवायच्या आधी ओला दोरा बोटांत फिरावा तसं. त्यांनी डोळे उघडले. स्वानंदी म्हणाली, “ताता, त्याला गुदगुल्या होतायत.”

ताता म्हणजे आजोबा. इथल्या कन्नड मुलांचा शब्द ही नागपूरकरांच्या मराठी घरातली मुलगी सहज उचलून बसली होती. झालं. अर्ध्या तासासाठी बसलेले नरसिंगराव त्या दिवशी वर्ग सुटेपर्यंत बसले, आणि पुढच्या वेळी कोणी न बोलावता बसनं हजर झाले. मांडी घालून गुडघे धरत म्हणून त्यांनी घरून दुकानातलं स्टूल आणलं आणि होंगेखाली ठेवलं. ते तिथेच राहिलं.

भार्गवीची शिकवण्याची रीत त्यांच्या फार सोयीची होती. मुलानं हे काय म्हणून विचारलं तर मोठ्यांनी नाव सांगायचं नाही. उलट विचारायचं, ते काय करतंय? मदतीला येणाऱ्या शिकल्या-सवरलेल्या बायकांना हे जड जाई. त्यांच्या तोंडातून नाव निसटेच, आणि नाव कळलं की मूल पुढे निघून जाई. नरसिंगरावांना हा त्रास नव्हता, कारण त्यांना कशाचंच नाव येत नव्हतं. “ते काय करतंय की?” असं ते मनापासून विचारत आणि उत्तराची वाट बघत. अद्वैत नावाचा एक मुलगा त्यांना मुंग्यांच्या रांगेबद्दल तासभर सांगत बसे. मुलांची अशी समजूत होती की ताता हेही अंगणात शिकायलाच येतात, फक्त थोडे मोठे आहेत. ही समजूत खोडून काढावी असं नरसिंगरावांना कधी वाटलं नाही. खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना माप न घेता ओळखत होतं, आणि त्यांना ते फार आवडलं होतं.

घरी मात्र चेष्टा सुरू झाली. नखांत माती घेऊन येणारा नवरा भागीरथीबाईंना नवा होता. एकदा शर्टाचं बटण कुठेतरी पडलं. शिंप्याचा शर्ट उघडा, बघणारे काय म्हणतील, असं त्या रोज म्हणत आणि नरसिंगराव रोज उद्या लावतो म्हणत. बटणासाठी घरात थांबायला त्यांना आता सवड नव्हती.

अंगणाचा एक नियम होता. वर्ग सुटायच्या आधी सगळ्यांनी गोल करून बसायचं, दोन्ही तळवे उघडून दाखवायचे, आणि दिवसभरात जे सापडलं असेल, दगड, शेंग, पीस, काहीही, ते जिथून उचललं तिथे परत ठेवून यायचं. ‘जिथलं तिथं’ असं मुलं एका सुरात म्हणत. इथलं काही घरी न्यायचं नाही. झाडाखालची शेंग ही झाडाची, ओढ्यातला दगड ओढ्याचा. आपण पाहुणे, बघून जायचं. खिसे का नकोत, हे नरसिंगरावांना त्या गोलात बसल्यावर कळलं.

त्याच वेळी त्यांनी भार्गवीला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आधी वाटलं, दोन बोटांचा खिसा, कोणा मुलाला सापडणार आहे? मग एक दिवस गोलात बसलेल्या स्वानंदीचा हात डाव्या कमरेशी गेला आणि आत नाहीसा झाला. ती थबकली. तिनं सरळ नरसिंगरावांकडे पाहिलं, कारण पँट कोणी शिवली हे तिला माहीत होतं. आणि या शहाण्या माणसानं काय करावं? ओठांवर बोट ठेवलं.

चार दिवसांत सगळ्या अंगणाला कळलं. एका भार्गवीला सोडून. मुलं तळवे उघडून दाखवत, जिथलं तिथं असं मोठ्यानं म्हणत, आणि कमरेशी काहीतरी जपत घरी जात. गुपित सांभाळायला तीन वर्षांचं मूल मोठ्यांपेक्षा पक्कं असतं. नरसिंगराव हे सगळं बघत आणि मनातल्या मनात खूश होत. गुळाच्या अडत्यांनी चोरखिशाचं कधी कौतुक केलं नव्हतं. ते फक्त शिलाईत घासाघीस करत. ही गिऱ्हाइकं खिशावरून हात फिरवत आणि तातांकडे बघून हसत. इतकं सुख मिळत असताना खरं बोलायची बुद्धी कोणाला होते?

वर्गाच्या कुंपणावर गुंजेचा वेल होता. लाल बी, त्यावर काळा ठिपका. भार्गवीनं मुलांना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, की हे नुसतं बघायचं, तोडायचं नाही, कारण ते विषारी असतं. पण खाली पडलेलं बी तोडलेलं नसतं. स्वानंदीनं एक उचललं आणि ठेवायच्या जागी ठेवलं.

सोमवारी स्वानंदी आली नाही. तिची आई वीणा आली. काखेत वर्षाचा विराट, हातात चिखलपँट, डोळे जागरणानं सुजलेले. शनिवारी दुपारी विराटच्या तोंडात तिला लाल-काळं बी दिसलं होतं. तिनं बोट घालून ते काढलं, सबंध होतं, फुटलेलं नव्हतं. तरी दोघं नवरा-बायको त्याला उचलून दवाखान्यात पळाले. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. काही झालं नाही. फुटलं असतं तर काय झालं असतं, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि वीणाच्या कानांतून ते जात नव्हतं.

भार्गवी पांढरीफटक पडली. तिनं विराटच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, की पण इथून काहीच बाहेर जात नाही, आम्ही रोज बघतो, आमच्या पँटींना खिसेच नाहीत. वीणानं पँट उलटी केली आणि डाव्या कमरेशी दोन बोटं घातली.

भार्गवी त्या खिशाकडे बघत राहिली. नरसिंगराव स्टुलावरून उठले. ते त्या दोघींपाशी गेले.

“मी शिवलाय तो,” ते म्हणाले. “सगळ्यांना शिवलाय. पोरांना ठाऊक होतं, मलाही. या भार्गवीअम्मांना ठाऊक नव्हतं.”

वीणा त्यांच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, विराटला घट्ट धरलं आणि ती फाटकाकडे गेली. भार्गवीही ओरडली नाही. ती म्हणाली, “काका, मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती.” एवढंच. मग ती दुसऱ्या पालकांना फोन करायला गेली, कारण तोवर आयांच्या ग्रुपवर बातमी पोचली होती आणि आणखी दोन घरांनी आपली मुलं थोडे दिवस पाठवत नाही म्हणून कळवलं होतं. वर्ग राहतो की मोडतो, याचा आता भरवसा नव्हता.

नरसिंगरावांनी सगळ्या पँटी गोळा केल्या, उसवून आणतो म्हणाले. आणि त्यानंतर मी येत नाही, असंही म्हणाले. येऊ नका असं भार्गवी म्हणाली नाही. या असंही म्हणाली नाही. बसमध्ये गठ्ठा मांडीवर घेऊन बसलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांसमोर सारखं ते बाळ येत होतं, ज्याचं नाव त्यांना आजच कळलं होतं. आपण पोरांच्या कौतुकापायी हे केलं, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. कौतुक स्वतःचंच होतं, हे त्यांना चामराजपेट येईपर्यंत कळून चुकलं.

भागीरथीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या बोलायला लागल्या की शेजारच्या घरातला टीव्हीही कमी होत असे. त्या दिवशी त्यांनी नुसती कात्री आणून दिली, दिवा लावला आणि म्हणाल्या, “सरी. आता उसवा. मी दोरे वेचते.”

नरसिंगराव एकेक पँट घेऊन उलटी करू लागले. आयुष्यात त्यांनी आपला चोरखिसा कधी उसवला नव्हता. तो उसवता येऊ नये असाच शिवलेला असे. उसवायच्या आधी त्यातलं काढून ताटलीत ठेवायचं. अद्वैतच्या खिशात मेलेला मुंगळा निघाला, पानात गुंडाळलेला. शार्दूल रोज ओढ्याशी खेळायचा, त्याचं चिखलाचं ढेकूळ वाळून भुगा झालं होतं. कोणाचं कावळ्याचं पीस, दुमडलेलं. कोणाची होंगेची शेंग. खिसा उघडला की ते मूलच समोर उभं राही आणि नरसिंगरावांना कात्री खाली ठेवावी लागे.

स्वानंदीची पँट सगळ्यांत शेवटी राहिली. त्यातलं गुंजेचं बी गेलंच होतं, खिसा रिकामा असणार म्हणून त्यांनी सरळ शिवणीला कात्री लावली. काहीतरी टणक लागलं. कोपऱ्यात, शिवणीत अडकून बसलेलं. त्यांनी ते बोटानं बाहेर काढलं.

शर्टाचं बटण होतं. पांढरं, चार भोकांचं, आणि त्यात राखाडी दोऱ्याचं एक टोक अजून लोंबत होतं. पांढरा दोरा संपला म्हणून राखाडी त्यांनीच लावला होता.

भागीरथीबाईंनी बटण पाहिलं, नवऱ्याच्या उघड्या शर्टाकडे पाहिलं. “तुमचंच की ते. पोरीनं चोरलं म्हणायचं.”

“चोरलं नाही,” नरसिंगराव म्हणाले. “सापडलं. तिला तिथं सापडलं ते तिनं ठेवलं.”

त्या पोरीला त्या सगळ्या जागेत जपून ठेवण्यासारखं जे काही वाटलं त्यात शेंगा होत्या, बिया होत्या आणि आपण होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. भागीरथीबाई दोरे वेचत राहिल्या. बटण लावून देऊ का म्हणून त्यांनी विचारलं. नरसिंगरावांनी नको म्हणून मान हलवली आणि ते ताटलीत इतर वस्तूंबरोबर ठेवून दिलं.

दोन दिवसांनी वर्ग भरायचा होता. पँटी देतो आणि स्टूल घेऊन येतो, असं बायकोला सांगून ते निघाले. मुलं यायच्या आधी पोचून निघून यावं असा त्यांचा बेत होता, पण भार्गवी त्यांच्याही आधी आलेली होती. तिच्या हाताला ओरखडे होते आणि कुंपणावरचा गुंजेचा वेल मुळासकट गेला होता. खाली पडलेलं बीन्‌बी तिनं वेचून काढलं होतं. वेल आपणच ठेवला होता, मुलांना लाल रंग आवडतो म्हणून, असं ती म्हणाली. मग तिनं प्रत्येक पँट आतून चाचपून पाहिली. नरसिंगरावांना त्याचं वाईट वाटलं नाही. तिनं न बघताच घेतल्या असत्या तर वाटलं असतं.

ताटलीतल्या वस्तू त्यांनी एका डब्यात आणल्या होत्या. तो डबा उघडून बघून भार्गवी म्हणाली, मुलं येईपर्यंत थांबा. हे त्यांनीच परत ठेवायला हवं.

मुलं आली. सगळी नाही, पण बरीचशी. वीणाही आली, स्वानंदीला घेऊन. विराटला तिनं बापाजवळ घरी ठेवलं होतं. आज फक्त बघायला आले आहे, असं तिनं भार्गवीला सांगितलं आणि ती फाटकाशी हाताची घडी घालून उभी राहिली. नरसिंगरावांनी तिला हात जोडले. तिनं मान हलवली; त्यात क्षमा होती असं म्हणता येणार नाही, पण रागही सोमवारचा राहिला नव्हता. मग कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून त्यांनी होंगेखालचं आपलं स्टूल उचललं आणि ते फाटकाकडे सरकून उभे राहिले.

भार्गवीनं मुलांना गोल बसवलं. तिनं कोणाला रागावलं नाही. विराटच्या तोंडात बी गेलं होतं आणि सगळे फार घाबरले होते, हे तिनं सरळ सांगितलं. मग डबा मधे ठेवला. मुलांनी आपापली वस्तू ओळखायला क्षणही लावला नाही. अद्वैत मुंगळा घेऊन वारुळाकडे गेला. शार्दूलनं भुगा ओंजळीत घेतला आणि ओढ्यापर्यंत जाता जाता निम्मा सांडला. शेंग होंगेखाली गेली, पीस कुंपणाशी. डब्यात बटण तेवढं राहिलं.

स्वानंदी उठली. तिनं बटण घेतलं आणि ती चालायला लागली. नरसिंगरावांना वाटलं, ती आता आपल्याकडे येणार. त्यांनी हात पुढेही केला. पण ती त्यांच्याकडे आली नाही. ती होंगेखाली गेली आणि थांबली. तिथे ओल्या मातीत स्टुलाच्या चार पायांच्या खुणा होत्या आणि मधे काही नव्हतं. तिनं झाडाच्या पलीकडे जाऊन पाहिलं. पुन्हा त्या खुणांपाशी आली. बटण मुठीत धरून ती इकडेतिकडे बघू लागली आणि तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

“काय झालं?” भार्गवीनं विचारलं.

“मला ते तातांच्या स्टुलाखाली सापडलं होतं,” स्वानंदी म्हणाली. “स्टूल नाहीये. आता कुठे ठेवू?”

सगळी मुलं नरसिंगरावांकडे बघायला लागली. अद्वैतनं त्यांच्या हातातल्या स्टुलाकडे बोट दाखवलं आणि कडक आवाजात म्हणाला, की इथलं घरी न्यायचं नसतं, तातांना नियम माहीत आहे. नरसिंगराव हळू आवाजात सांगायला लागले, की बाळा, हे माझ्या दुकानातलं आहे, माझ्या वडिलांचं आहे. पण अद्वैतला ते दुकान माहीत नव्हतं. त्याच्या लेखी स्टूल होंगेचं होतं, जशी शेंग होंगेची.

नरसिंगरावांनी भार्गवीकडे पाहिलं. भार्गवीनं फाटकाशी उभ्या असलेल्या वीणाकडे पाहिलं. वीणा आपल्या मुलीकडे बघत होती, जी अजून त्या चार खुणांच्या मधे मूठ आवळून उभी होती. तिनं हाताची घडी सोडली.

“ठेवा ना काका ते तिथे,” वीणा म्हणाली. “ती रडेल आता.”

“आणि बसा,” भार्गवी म्हणाली. “जिथलं तिथं.”

नरसिंगराव होंगेखाली गेले. त्यांनी स्टुलाचे चारही पाय बरोबर त्यांच्या खुणांत बसवले आणि ते बसले. स्वानंदी गुडघ्यांवर बसून स्टुलाखाली वाकली, तिनं बटण मातीवर ठेवलं, अंगठ्यानं जरासं दाबलं आणि उठून दोन्ही तळवे त्यांना उघडून दाखवले. दोन्ही रिकामे होते. मग तिनं त्यांचेही तळवे उघडायला लावले आणि नीट तपासले.

त्या दिवशी दुपारी ते घरी पोचले तेव्हा भागीरथीबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं, मग उघड्या शर्टाकडे.

“बटण सापडलं होतं ना? लावलं का नाही?”

“त्याच्या जागेवर ठेवून आलो.”

“आणि स्टूल?”

“तेही.”

भागीरथीबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. जे काही झालं ते त्यांना कळलं असावं. पदरानं त्यांच्या कपाळावरची माती पुसली आणि म्हणाल्या, “मग तुम्ही तेवढे घरी कसे आलात की?”

“जेवायला,” नरसिंगराव म्हणाले आणि हात धुवायला गेले.